कॅरोटिडमधल्या रक्तप्रवाहाचं सिम्युलेशन: या चुका टाळा

सॉल्व्हर (प्रवाहाची समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) मध्येच कोलमडला तर निदान काहीतरी बिघडलंय हे कळतं. घात करतो तो विनातक्रार संपलेला रन: चित्र झकास, आकडे भलतेच. मानेतल्या कॅरोटिड धमनीला जिथे फाटा फुटतो तिथलं मॉडेल करताना गडबड बहुधा सॉल्व्हरच्या आधीच झालेली असते.

सगळ्यात महाग पडतं सेगमेंटेशन, म्हणजे स्कॅनमधून धमनीची पोकळी वेगळी काढणं. सीटी अँजिओत कॅल्शियम असतं त्यापेक्षा फुगून दिसतं आणि धमनीची पोकळी अरुंद भासते. त्रिज्या 10 टक्के कमी धरली गेली, तर तेवढ्याच प्रवाहाला सरळ नळीत भिंतीवरचा शिअर स्ट्रेस (रक्ताच्या घासण्याचा ताण) सुमारे 37 टक्के जास्त येतो आणि दाबातली घट 52 टक्के जास्त. पहिल्यात त्रिज्येचा घन आहे, दुसऱ्यात चौथा घात. स्मूदिंगनेही (पृष्ठभाग गुळगुळीत करण्यानेही) अरुंद जागा बदलते. त्यानंतर तिथला व्यास मूळ स्लाइसवर पुन्हा मोजा.

दोन्ही आउटलेटना (रक्त बाहेर पडतं त्या टोकांना) शून्य दाब देणं सोपं, म्हणून सर्रास केलं जातं. मग मेंदूकडे किती आणि चेहऱ्याकडे किती रक्त जाणार, हे फक्त तुम्ही कापलेल्या तुकड्याचा आकार ठरवतो. पुढच्या बारीक रक्तवाहिन्यांचा रोध हिशेबातच येत नाही. तीन घटकांचं विंडकेसल (पुढच्या वाहिन्यांचा रोध आणि लवचीकता धरणारं मॉडेल) लावा. सरासरी दाब 93 एमएमएचजी आणि प्रवाह सेकंदाला 7 मिली असेल, तर सीजीएसमध्ये (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद एककांत) एकूण रोध सुमारे 17,700 येतो. एमएमएचजीला 1333 ने गुणायचं राहिलं, की सगळंच मुसळ केरात.

ओपनफोम या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक खोच आहे. धमनीच्या आकाराची एसटीएल फाइल मिलिमीटरमध्ये असते, सॉल्व्हर ती मीटर समजतो, 0.001 ने स्केल करा. असंपीड्य (घनता स्थिर धरणाऱ्या) सॉल्व्हरमधला दाब आणि शिअर स्ट्रेस घनतेने भागलेले असतात, त्यांना रक्ताच्या घनतेने, 1060 ने, गुणल्यावरच पास्कल मिळतात. पडताळा सोपा: 6 मिमी व्यास, सरासरी वेग सेकंदाला 0.25 मीटर, स्निग्धता 0.0035 पास्कल-सेकंद घेतली तर सरळ भागात शिअर स्ट्रेस 1.2 पास्कलच्या आसपास यायला हवा. 0.001 दिसलं तर गुणाकार राहिलाय.

रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ की खळबळता, हे सांगणारा आकडा) इथे 450 च्या घरात, म्हणजे संथ प्रवाहाचा असतो, तेव्हा खळबळत्या प्रवाहासाठीच्या के-एप्सिलॉन मॉडेलच्या वाटेला जाऊ नका. आउटलेट वळणावर कापला तर उलट्या प्रवाहाने रन फुटतो. तो सरळ भागापर्यंत लांबवा. आणि पहिल्या ठोक्याचे आकडे कधीच वापरू नका. लागोपाठच्या दोन ठोक्यांतल्या कमाल दाबात 1 टक्क्याहून कमी फरक उरेपर्यंत रन चालू द्या.