संक्रांतीचं वाण निवडताना या चुका टाळा

हळदीकुंकवाहून घरी आलं की वाण पिशवीतून निघतं आणि पुष्कळ घरांत थेट माळ्यावरच्या खोक्यात जातं. आमच्या घरचं खोकं मी गेल्या वर्षी खाली उतरवलं. नऊ पिशव्या, चार साबणदाण्या, कुंकवाच्या कोयऱ्या, झाकण न बसणारे प्लास्टिकचे डबे. निम्म्या वस्तूंवर ‘पर्यावरणपूरक’ अशी चिठ्ठी अजून तशीच चिकटलेली. देणाऱ्या सगळ्या जिव्हाळ्याच्या, प्रत्येकीने विचार करूनच आणलेलं. तरी त्यातलं काहीच वापरात आलं नव्हतं.

डझनाच्या भावाने वाण ठरवणं

पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात गेलं की पहिला प्रश्न असतो, “नगाला कितीला पडेल?” मग ठरलेल्या रकमेत बसेल ते घेतलं जातं, आणि येणाऱ्या चाळीसजणी असल्या तरी “असू देत” म्हणून साठ नग उचलले जातात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत एकेक बाई दहा-पंधरा घरी जाते, म्हणजे तिच्या घरी दहा-पंधरा वस्तू येतात, आणि त्याही बहुतेक त्याच बाजारातल्या. दुकानात उभं असताना एवढंच मनाशी विचारावं: माझी जाऊ, माझी शेजारीण हे पुढच्या आठवड्यात हातात घेईल का? स्टीलची चहाची गाळणी, चिमटा, सोलाणं यांना पर्यावरणपूरक म्हणून कुणी विकत नाही. पण ती वर्षानुवर्षं चालतात आणि शेवटी मोडीतही जातात. बांबूच्या शोभेच्या डबीपेक्षा मला ती गाळणी कितीतरी चांगली वाटते.

कापडी समजून प्लास्टिक देणं

ही चूक सर्वांत जास्त होते, कारण हेतू अगदी चांगला असतो. बाजारातली सर्वांत स्वस्त ‘कापडी’ पिशवी बहुधा कापडाची नसतेच. ती नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे तंतू तापवून दाबून केलेली असते. सरळ प्लास्टिकच. उजेडात धरून पाहा: उभे-आडवे धागे दिसत नाहीत, नुसते बारीक ठिपक्यांचे दाब दिसतात. तरी शंका असेल तर कोपऱ्याचा लहानसा तुकडा कापून जाळून पाहा. सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो. प्लास्टिक आक्रसतं आणि त्याची टणक गुठळी होते. चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलक्या अशा पिशव्यांवर ३० सप्टेंबर २०२१ पासून देशभर बंदी आहे.

ज्यूटचंही नीट पाहून घ्या. एका वर्षी मी हौसेने ज्यूटच्या पिशव्या वाटल्या आणि नंतर एकीची शिवण उसवली, तेव्हा आत प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेला दिसला. तो ज्यूटपासून वेगळा होत नाही, त्यामुळे ती पिशवी ना मातीत जिरते ना भंगारात घेतली जाते. मला त्याचं फार वाईट वाटलं. घेताना पिशवी उलटी करून आतून हात फिरवला असता तर लगेच कळलं असतं.

आणि खरी सुती पिशवी? कापूस पिकवायला पाणी, खत, फवारणी लागते. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये हिशेब मांडला होता. पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी व्हायला सुती पिशवी केवळ हवामानावरचा परिणाम धरला तरी निदान ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, ओझोनचा थर असे सगळे परिणाम धरले तर ७१०० वेळा. जिच्याकडे आधीच नऊ पिशव्या आहेत तिला दहावी देऊन काहीच साधत नाही. पिशवीच द्यायची असेल तर घरातल्या जुन्या सुती साडीच्या, चादरीच्या नाडी ओवलेल्या छोट्या पिशव्या शिवून घ्या. एका साडीत आठ-दहा सहज होतात. मेथी-कोथिंबीर निवडून अशा किंचित ओलसर पिशवीत ठेवली की फ्रिजमध्ये छान राहते, म्हणून या पिशव्या खरोखर वापरल्या जातात. शिलाईचे पैसे गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंना मिळतात, तेही मला मोलाचं वाटतं.

‘बांबू’ वाचून विश्वास टाकणं

बांबूच्या टूथब्रशचे केस बहुधा नायलॉनचेच असतात. ‘बांबू फायबर’चे कप तर बांबूची भुकटी मेलामाइन या प्लास्टिकात मिसळून केलेले असतात, युरोपीय संघात त्यांच्या विक्रीला परवानगी नाही. गरम चहासाठी ते नकोतच.

न जगणारं रोप देणं

काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतलं तुळशीचं रोप उन्हाविना असलेल्या फ्लॅटमध्ये महिनाभरात वाळतं. शोभेच्या झाडांबद्दल ‘हवा शुद्ध करतात’ असं सांगितलं जातं. त्याचं मूळ नासाच्या १९८९ च्या प्रयोगात आहे, पण तो बंदिस्त पेट्यांमध्ये केला होता, खिडक्या उघड्या असलेल्या घरात नाही. हवेसाठी म्हणून झाड देऊ नका. पानांचा ओवा, पुदिना, गवती चहा द्या. स्वयंपाकाला लागतं म्हणून घरचे त्याला पाणी घालतात. कुंडी विकत आणायलाच हवी असं नाही. पूजा झालेलं सुगड रात्रभर पाण्यात भिजवा आणि तळाला खिळ्याने हलक्या हाताने भोक पाडा. भिजलेलं मडकं तडकण्याची भीती कमी असते.

खाऊ चांगला, वेष्टन वाईट

संपून जाणारं वाण मला सर्वांत आवडतं: गूळ, तीळ, आमसुलं, वर्ध्याकडची वायगावची हळद. फक्त पिवळाधमक गूळ टाळा, तो रंग बहुधा हायड्रोस हे रंग उजळवणारं रसायन घालून आणलेला असतो. पण हाच खाऊ प्लास्टिकच्या पुडीत, वर चमकीचा कागद आणि जाळीचं कापड, असा दिला तर कचरा तेवढाच. चमकीच्या कागदावर प्लास्टिकचा थर असतो, तो रद्दीत जात नाही. त्यावर उपाय म्हणून वर्तमानपत्राची पुडी बांधू नका. छपाईची शाई अन्नात उतरते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही त्याला मनाई केली आहे. कोरा कागद किंवा पळसाचा द्रोण घ्या. द्रोण घेताना आतून चकचकीत फिल्म नाही ना, ते पाहा.

बोरन्हाणात हल्ली गोळ्या-चॉकलेटं उधळतात आणि नंतर वेष्टनं गोळा करत बसावं लागतं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे असले की मुलं तितकीच झेपावतात. मुलांना पतंग देणार असाल तर साधा सुती दोराच द्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच नायलॉन मांजावर बंदी घातली आहे. पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवरच्या माणसांचे गळे त्याने कापले जातात.

वाण आधीच आणून झालं असेल तर

फेकून देऊ नका. न उघडलेले जास्तीचे नग दुकानदार बदलून देतो का ते विचारा. उरलेलं वेगळं न बांधता एका परातीत मांडा, शेजारी घरातली एक-दोन प्रकारची दुसरी उपयोगी वस्तू ठेवा, आणि येणाऱ्या प्रत्येकीला “हवं ते उचला, नको असेल तर तिळगूळ घ्या” असं मोकळेपणाने सांगा. या वर्षी मी असंच केलं. पाचजणींनी फक्त तिळगूळ घेतला, आणि गाळण्या सर्वांत आधी संपल्या.