फेब्रुवारीच्या शेवटी डेथ व्हॅली, जोशुआ ट्री आणि सग्वारो: रोडट्रिपचा प्लॅन कसा करायचा

एलएच्या (लॉस एंजेलिसच्या) आसपास राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मराठी मंडळींचं योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, व्हेगस हे सगळं करून झालेलं असतं पण वाळवंटातली नॅशनल पार्क राहूनच जातात, कारण मुलांना मोठी सुट्टी उन्हाळ्यात आणि उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत जाणं म्हणजे जिवाशी खेळ. तिथे १० जुलै १९१३ ला १३४ फॅरनहाइट म्हणजे जवळपास ५७ सेल्सिअस तापमान नोंदलं गेलंय. पण थंडी सरत आली की हीच जागा इतकी सुंदर असते की मी ओळखीच्या प्रत्येकाच्या मागे लागते, एकदा तरी जा. डेथ व्हॅलीच्या तळाशी फेब्रुवारीत दुपारी साधारण ७३ फॅरनहाइट, मार्चमध्ये ८०च्या वर. आपल्या भाषेत सांगायचं तर पुण्यातली डिसेंबरची दुपार किंवा त्याहून थोडी थंड.

तारखा आधी ठरवा, कारण त्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. फेब्रुवारीचा तिसरा सोमवार प्रेसिडेंट्स डे, त्या लाँग वीकेंडला अजिबात जाऊ नका, जोशुआ ट्रीच्या गेटवर गाड्यांची रांग लागते आणि आत पार्किंग मिळत नाही. मार्चच्या मध्यापासून स्प्रिंग ब्रेकची गर्दी सुरू. म्हणून फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचे पहिले आठ-दहा दिवस हीच खरी वेळ, आणि त्यातही अमावस्येच्या जवळचे दिवस मिळाले तर सोडू नका, का ते पुढे सांगते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोकं मॅपवर मैल बघून प्लॅन करतात, वाळवंटात त्याच्याबरोबर उंची बघायची. डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर हे मिठाचं मैदान समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली आणि त्याच्या बरोब्बर वर कड्यावर असलेला दान्तेज व्ह्यू ५,४७५ फुटांवर, म्हणजे खाली टीशर्टमध्ये फिरत असाल तर वर त्याच वेळी १५-२५ डिग्री फॅरनहाइट कमी आणि वर बोचरा वारा, आणि समोर ११,०४९ फुटांचं टेलिस्कोप पीक बर्फाने पांढरं. जोशुआ ट्रीमधली जंबो रॉक्स, हिडन व्हॅली ही कॅम्पग्राउंड्स ४,००० फुटांच्या वर आहेत, तिथे फेब्रुवारीत रात्री पाणी गोठू शकतं. 'डेझर्ट आहे, गरम असेल' असं धरून पातळ स्लीपिंग बॅग घेऊन गेलात तर रात्रभर झोप नाही. हॉटेल न मिळता टेंटच लावायचा असेल तर आदल्या दिवशी त्या गावाचं नाही, त्या उंचीचं फोरकास्ट बघा. मुलांसाठी थर्मल, कानटोपी, हातमोजे घ्याच.

आठ-नऊ दिवस असतील तर मी असा क्रम धरते: एलएहून डेथ व्हॅली, तिथे तीन रात्री, मग खाली जोशुआ ट्री दोन रात्री, मग अॅरिझोनातलं टुसॉन दोन रात्री (सग्वारो पार्क तिथेच आहे) आणि आय-१० हायवेने सरळ परत. एलए ते डेथ व्हॅलीतलं फर्नेस क्रीक साडेचार-पाच तास, डेथ व्हॅलीहून जोशुआ ट्री चार तासांच्या वर, जोशुआ ट्री ते टुसॉन सहा तास तरी धरा. यात व्हाइट सँड्स पण घालू का असं खूप जण विचारतात. नको. ते न्यू मेक्सिकोत आहे, जिप्समची पांढरीशुभ्र वाळू, २०१९ मध्ये नॅशनल पार्क झालं, बघण्यासारखं शंभर टक्के, पण शेजारच्या मिसाइल रेंजवर टेस्ट असली की रस्ता तीन-तीन तास बंद ठेवतात, आणि एवढ्या लांब जाऊन तासभर फोटो काढून परत फिरण्यात काही अर्थ नाही. ती वेगळी ट्रिप करा. चार-पाचच दिवस असतील तर टुसॉन कापा.

पासचं गणित सोपं आहे. एका गाडीची प्रवेश फी डेथ व्हॅली ३० डॉलर, जोशुआ ट्री ३०, सग्वारो २५, झाले ८५. सगळ्या नॅशनल पार्कना चालणारा वार्षिक पास ८० ला मिळतो आणि वर्षभर चालतो, तुमच्या गाडीत बसलेले सगळे त्यात येतात. २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांना हाच पास २५० डॉलरला आहे, त्यामुळे भारतातून आई-बाबा आले असतील तर पास तुमच्या नावावर घ्या, गेटवर फोटो आयडी तयार ठेवा. आई-बाबांकडे ग्रीन कार्ड असेल आणि वय ६२ किंवा जास्त असेल तर त्यांना सीनियर पास मिळतो, वर्षाला २० किंवा आयुष्यभरासाठी ८०. आणि डेथ व्हॅलीत कॅश घेत नाहीत, कार्ड लागतं.

बुकिंग लवकर करायला हवं हे खरं. फर्नेस क्रीकचं कॅम्पग्राउंड थंडीच्या सीझनमध्ये रिझर्व्हेशनवर असतं आणि सहा महिने आधी उघडतं. जोशुआ ट्रीत जंबो रॉक्स रिझर्व्ह करता येतं, हिडन व्हॅली, बेल आणि व्हाइट टँक मात्र जो आधी येईल त्याला, म्हणून तिथे रविवार ते गुरुवारमध्ये सकाळी पोचायचं. पार्कच्या आतली हॉटेलं महाग पडतात, पण डेथ व्हॅलीत अंतरं एवढी आहेत की बाहेर राहिलात तर सूर्योदय हुकतोच, त्यामुळे तिथे आत राहण्यावर पैसे घालवा आणि जोशुआ ट्रीसाठी बाहेर ट्वेंटीनाइन पाम्स किंवा यक्का व्हॅलीत राहून वाचवा.

पाणी आणि पेट्रोल यात कंजूषी नको. माणशी रोज एक गॅलन पाणी, गाडीत वेगळं ठेवलेलं. जोशुआ ट्रीच्या आत पेट्रोल पंप नाही, खायला काही नाही, बहुतेक ठिकाणी पाणीसुद्धा नाही. डेथ व्हॅलीत पंप आहेत पण भाव डोळे पांढरे करणारे, त्यामुळे बेकर, रिजक्रेस्ट, पाह्रम्प यातलं जे गाव वाटेत असेल तिथे टाकी फुल. ईव्ही असेल तर आत फास्ट चार्जिंगच्या भरवशावर राहू नका. फोनला रेंज नसते, ऑफलाइन मॅप डाउनलोड करा आणि गेटवर मिळणारा कागदी नकाशा टाकून देऊ नका, कारण डेथ व्हॅलीत जीपीएस कधीकधी जुन्या बंद रस्त्यावर नेतो. रस्ते पावसाने वाहून जातात, ऑक्टोबर २०१५ च्या पुरानंतर डेथ व्हॅलीतला स्कॉटीज कॅसल हा जुना बंगला वर्षानुवर्षं बंद राहिला. निघायच्या आदल्या रात्री पार्कच्या वेबसाइटवर बंद रस्त्यांचं पान उघडायचं, हे न चुकता. आणि कुठल्या दिवशी कुठे असू हे घरी कोणाला तरी लिहून पाठवा.

खाण्याचं, भाजणी घेऊन जा. गॅसच्या शेगडीवर थालीपीठ दहा मिनिटांत होतं, बरोबर लोणचं आणि दही. गाडीसाठी दशम्या, चिवडा, मेथीचे ठेपले, आणि मेतकूट भात संध्याकाळी, थंडीत एवढं छान लागतं. फक्त कोयोटींना (कोल्ह्यासारखे प्राणी) काही टाकू नका, मुलं कितीही मागे लागली तरी. माणसांकडून खाण्याची सवय लागली की ते रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली मरतात.

डेथ व्हॅलीत दिवस कसा लावायचा? सूर्योदयाला झॅब्रिस्की पॉइंट. तिथून बॅडवॉटरला या, पूर्वेच्या डोंगराची सावली सकाळी बराच वेळ पडलेली असते त्यामुळे चालायला छान. पार्किंगजवळचं मीठ हजारो पायांनी गुळगुळीत झालंय, तिथून परत फिरू नका, अर्धा-पाऊण मैल आत चालत जा. मग पायाखाली मिठाचे पाच-सहा कोनांचे आकार दिसायला लागतात, प्रत्येकाच्या कडा उचललेल्या, ठिसूळ, बोट लावलं तर कण निघतात आणि जिभेवर ठेवलं तर खारट. वळून वर बघा, कड्यावर 'सी लेव्हल' अशी छोटी पाटी आहे, आपण किती खाली आहोत ते तेव्हा कळतं. ऑगस्ट २०२३ च्या हिलरी वादळानंतर इथे चक्क तळं झालं होतं, फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकं त्यात कयाक चालवत होती. पाणी असेल किंवा चिखल असेल तर त्यात पाय घालू नका, ठसे वर्षानुवर्षं राहतात. दुपारी उशिरा आर्टिस्ट्स ड्राइव्ह, नऊ मैलांचा एकेरी रस्ता, उतरत्या उन्हात डोंगराचे हिरवे-गुलाबी रंग उठून दिसतात. संध्याकाळी मेस्किट फ्लॅटच्या वाळूवर. रेसट्रॅक, जिथे दगड आपोआप सरकतात, तिथला कच्चा रस्ता २७ मैल आहे आणि टायर फाडतो, भाड्याच्या गाडीने नकोच, कारण कच्च्या रस्त्यावर नेलेल्या गाडीला बहुतेक रेंटल करार संरक्षण देत नाहीत. (ते दगड कसे सरकतात हे २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, थंडीत साचलेल्या पाण्यावर बर्फाचा पातळ थर येतो, तो फुटतो आणि हलक्या वाऱ्याने दगडांना ढकलत नेतो.)

फुलांबद्दल सगळे विचारतात. सुपरब्लूम, म्हणजे वाळवंटभर एकदम येणारा फुलांचा बहर, दरवर्षी नसतो, डेथ व्हॅलीत २००५ आणि २०१६ ची वर्षं त्यासाठी गाजली. आधीच्या शरद ऋतूत आणि थंडीत चांगला मुरणारा पाऊस, मग थांबून थांबून आणखी पाऊस, आणि सुकवणारा वारा नाही, एवढं सगळं जुळावं लागतं. त्याच्यावर ट्रिप अवलंबून ठेवू नका, पण साध्या वर्षीही या दिवसांत रस्त्याच्या कडेला पिवळी डेझर्ट गोल्ड सापडतात. फोटोसाठी फुलांत बसू नका, तुडवलेल्या झाडाचं बी होत नाही आणि पुढच्या वर्षांची फुलं तिथेच जातात.

जोशुआ ट्रीत संध्याकाळी चोया कॅक्टस गार्डनला जा, उन्हात काटे अक्षरशः पेटल्यासारखे दिसतात, पण मुलांचा हात धरून. चोयाचा तुकडा नुसता स्पर्श झाला तरी झाडापासून सुटून अंगाला चिकटतो, काट्यांना बारीक उलटे दाते असतात, आणि हाताने काढायला गेलात तर दुसरा हातही अडकतो. खिशात मोठ्या दातांचा कंगवा ठेवा, तुकडा आणि कातडी यांच्या मध्ये सरकवून झटक्यात उडवायचा, उरलेले काटे चिमट्याने.

अमावस्या कशासाठी, तर आकाशासाठी. डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री दोन्ही डार्क स्काय पार्क आहेत, म्हणजे रात्रीच्या गडद आकाशासाठी मान्यता मिळालेली. जेवणं झाली की दिवे बंद करून वीस मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, फोन काढायचा नाही. मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका हे सगळं डोक्यावर असतं, आणि टुसॉनला गेलात तर शहराबाहेरून रात्री आठच्या सुमारास दक्षिणेला क्षितिजाला टेकलेला अगस्त्य शोधा, तिथे तो जेमतेम पाच अंश वर येतो. आजी-आजोबा बरोबर असतील तर नातवंडांना ही नावं त्यांनाच सांगू द्या.

सग्वारो पार्क टुसॉनच्या पूर्वेला आणि पश्चिमेला असं दोन तुकड्यांत आहे. एकच जमणार असेल तर पश्चिमेचं करा, सूर्यास्ताला. पोस्टरवर दिसतात ते हात (फांद्या) फुटलेले मोठे कॅक्टस म्हणजेच सग्वारो, ते बघालच, पहिला हात यायलाच पन्नास-सत्तर वर्षं लागतात, पण पालो व्हर्दे झाडाच्या बुंध्याशी वाकून बघा, तिथे अंगठ्याएवढा सग्वारो सापडतो, त्या झाडाच्या सावलीत उन्हापासून आणि थंडीपासून वाचत वाढलेला. फिनिक्स-टुसॉन रस्त्यावर धुळीचं वादळ आलं तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबा, सगळे दिवे बंद, ब्रेकवरचा पाय काढा, नाहीतर मागचा तुमच्या दिव्यांच्या मागोमाग येऊन धडकतो.

अॅरिझोनात घड्याळ बदलत नाहीत. मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत ते कॅलिफोर्नियाच्या एक तास पुढे असतात आणि त्यानंतर दोघांची वेळ एकच, हॉटेल चेक-इन आणि सूर्यास्त त्याप्रमाणे धरा. आय-८ किंवा आय-१९ हायवेने गेलात तर बॉर्डर पेट्रोलचे नाके लागतात, त्यामुळे व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद), ग्रीन कार्ड असेल तर ते कार्ड, फोटो नाही, खरं कार्ड जवळ ठेवा. परत येताना ब्लाइदला कॅलिफोर्नियाचा शेतीमाल तपासणी नाका आहे, फळं, रोपं आहेत का विचारतात. टुसॉनला कोणी प्रेमाने घरच्या झाडाची संत्री किंवा कढीपत्ता दिला असेल तर संत्री नाक्याच्या आधी खाऊन संपवा आणि कढीपत्ता तिथेच ठेवून या, लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड त्याच्यावर असते म्हणून त्याच्यावर निर्बंध आहेत.