विखुरलेला अल्बम एकत्र कसा आणावा

चित्रपटगीतांचा किंवा निवडक भावगीतांचा अल्बम संगणकावर घेतल्यावर, प्रत्येक गाण्याचा गायक निराळा असल्यामुळे, तो संग्रहात पाच-सहा ठिकाणी विखुरलेला दिसतो. स्ट्रॉबेरी या मुक्तस्रोत म्युझिक प्लेअरमध्ये यावर दोन उपाय आहेत, त्यांतला सोपा उपाय कमी टिकाऊ आहे.

अल्बमवर राइट-क्लिक करून ‘शो इन व्हेरिअस आर्टिस्ट्स’ निवडल्यास तो लगेच एकत्र येतो. परंतु ही नोंद प्लेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहते, त्यामुळे तीच गाणी फोनवर नेली की पुन्हा पांगतात. त्याऐवजी अल्बममधील सर्व गाणी एकदम निवडून टॅग (फाइलमध्ये साठवलेली गाण्याची माहिती) संपादनाची खिडकी उघडावी आणि ‘अल्बम आर्टिस्ट’ या रकान्यात संगीतकाराचे नाव लिहावे. ‘आर्टिस्ट’ या रकान्यातील गायकांची नावे मात्र तशीच ठेवावीत. हा बदल फाइलमध्येच लिहिला जातो, एमपीथ्री असो वा फ्लॅक, आणि बहुतेक प्लेअर तो वाचतात. फाइलमध्येच बदल होत असल्याने आधी फोल्डरची एक प्रत अन्यत्र ठेवणे शहाणपणाचे आहे.

नाव देवनागरीत लिहायचे की रोमनमध्ये, हे एकदाच ठरवावे, कारण ‘सुधीर फडके’ दोन लिप्यांत लिहिले तर प्लेअरच्या लेखी ते दोन स्वतंत्र कलाकार ठरतात.