आयरिश फिडलच्या (म्हणजे व्हायोलिनच्या) धुनेचं मूळ शोधायचं कसं?

कोथरूडच्या माझ्या व्हायोलिन क्लासात मुलं मोबाइलवर एखादी आयरिश धून ऐकवतात आणि विचारतात, "ताई, ही कुणाची?" मी सांगते, नाव बाजूला ठेवा, आधी स्वर लिहा. एकाच धुनेला तीन-चार नावं असतात आणि एकाच नावाखाली वेगवेगळ्या धुनाही मिळतात.

'द केश' ही जिग, म्हणजे उसळत्या नाचाची धून, घ्या. पांढरी पाचला सा धरा: सासासा सारेग । रेरेरे रेगप । धपप सांपप । धपग पगरे. सगळे भूपाचे स्वर! पण मींड घेऊ नका, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ नका, जिगची उसळी जाते.

मग एका बारमधल्या, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या, मात्रा मोजा. सहाची जिग, नऊची स्लिप जिग, आठाची सरळ धाव ती रील. प्रकार ठरला की जुन्या संग्रहात शोधणं सोपं जातं. ब्रेंदान ब्रेहनाख या अभ्यासकाने तर सुरुवातीच्या स्वरांना आकडे देऊन धुनांची सूची केली. म्हणून पहिले दोन बार अगदी अचूक लिहा.

आता नाव. केश हे स्लायगो परगण्यातलं गाव. हीच धून 'किंकोरा' नावानेही वाजते, आणि किंकोरा म्हणजे क्लेअर परगण्यातलं ब्रायन बोरू राजाचं ठाणं. त्यामुळे गावाचं नाव दिसलं म्हणून धून तिथलीच असं लिहू नका. स्लायगोच्या मायकल कोलमन या फिडलवादकाने न्यूयॉर्कच्या रेकॉर्डवर गाजवलेली 'टारबोल्टन' ही रील बघा: टारबोल्टन हे गाव स्कॉटलंडमध्ये आहे.

माणसाचं नाव असेल तर जास्त सावध राहा. पुष्कळदा ज्याच्याकडून धून उचलली त्याचं नाव तिला लागतं, रचणारा कुणी दुसराच असतो. याच्या उलट गॉलवेचे फिडलवादक पॅडी फाही. त्यांनी स्वतः सुंदर धुना रचल्या, पण त्यांना नावंच दिली नाहीत. त्या सगळ्या 'पॅडी फाहीज' म्हणूनच ओळखल्या जातात. तिथे स्वरलेखनाशिवाय कुठली धून ते सांगताच येत नाही.

छापील पुरावा शोधताना फ्रान्सिस ओ'नील यांच्यापासून सुरुवात करा. मूळचे कॉर्कचे, शिकागोचे पोलीस प्रमुख. तिथल्या आयरिश वादकांकडून धुना गोळा करून त्यांनी 1903 मध्ये 1850 धुनांचा संग्रह काढला. किती मोठं काम! त्यात धून सापडली तर ती 1903 च्या आधीची, एवढंच म्हणा. त्याहून जुनं हवं असेल तर 1855 चा जॉर्ज पेट्री आणि 1796 चा एडवर्ड बंटिंग यांचे संग्रह उघडा.

वहीत प्रत्येक धुनेखाली सगळी नावं, कुणाच्या वादनातून घेतली ते आणि सर्वात जुन्या छापील नोंदीचं साल लिहा. नाव मिळालंच नाही तर स्वतःच्या मनाने ठेवू नका. आयरिश वादक अशा धुनेला 'गन अनम', म्हणजे निनावी म्हणतात. तेच लिहा आणि खाली पहिले दोन बार.