मुलाची पहिली गाडी : जुनी पोलो घेताना
अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना हाती आलेल्या मुलासाठी जुनी फोक्सवॅगन पोलो पाहत असाल, तर २०१४ नंतरचीच घ्यावी. त्या वर्षी गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले आणि त्यानंतर कंपनीने सर्व प्रकारांत दोन एअरबॅग दिल्या. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, मात्र असेलच असे नाही, म्हणून चावी फिरवल्यावर त्याचा पिवळा दिवा लागून काही सेकंदांत विझतो का, हे स्वतः पाहावे. तो लागतच नसेल, तर एबीएस नाही किंवा दोष लपवला आहे. डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातील व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्या हालचालींचा मेळ राखणारा पट्टा, बदलल्याची पावती मागावी, कारण तो तुटल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच उघडावे लागते. सात गिअरची ऑटोमॅटिक माझ्या मते टाळावी. तिच्या क्लचचा खर्च विद्यार्थ्याला, खरे तर पालकांनाही, झेपत नाही.