या चुका टाळा: जाम झालेले सस्पेन्शन बोल्ट आणि फाटके बुश

फोन नेहमी शनिवारी दुपारी येतो. "काका, नट सुटला हो, पण बोल्ट काही बाहेर येईना." गाडी स्टँडवर, चाकं अंगणात, सोमवारी याच गाडीने कामावर जायचं असतं आणि बोल्टचं डोकं एव्हाना अर्धं गोल झालेलं असतं. हाच फोन आदल्या शनिवारी आला असता तर काही उपयोगाचं सांगता आलं असतं.

मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत राहतो. माझ्याकडे १९९१ ची माझ्दा एमएक्स-५ आहे, जपानमध्ये युनोस रोडस्टर नावाने विकलेली आणि मग इकडे आणलेली. आजूबाजूच्या मराठी पोरांपैकी तिघा-चौघांनी माझं बघून तीच गाडी घेतली, त्यामुळे त्यांच्या बोल्टांचं पाप थोडंफार माझ्याही माथी आहे. गाडी गोड आहे, हलकी आहे, चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे चाक धरून ठेवणारे वर-खाली दोन दांडे, त्यांना आर्म म्हणतात. पण इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून ते ट्रक भरभरून येतं, आणि त्यातला बराचसा वाटा शेवटी आपल्या गाडीच्या पोटाखाली जाऊन बसतो असं मला नेहमी वाटतं.

हत्यार उचलण्याआधी बुश म्हणजे काय ते नीट बघा. आर्म जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडतात, त्या सांध्यात तो बसतो. बाहेर एक लोखंडी नळी, आत एक बारीक नळी, आणि मध्ये दोन्हींना पक्कं चिकटवलेलं रबर. बोल्ट आतल्या नळीतून जातो. नट आवळला की ती आतली नळी ब्रॅकेटच्या दोन पाळ्यांमध्ये घट्ट दाबली जाते आणि जागची हलत नाही. आर्म वर-खाली होतो तेव्हा काहीच गरगर फिरत नाही, फक्त रबर पिळवटतं. आतली नळी फिरायची नसते, एवढं ज्याच्या डोक्यात बसलं त्याच्या हातून पुढच्या दोन मोठ्या चुका होत नाहीत.

बोल्ट आट्यांत अडकलाय असं समजणं

एमएक्स-५ च्या खालच्या आर्मला आतल्या बाजूने प्रत्येक चाकामागे दोन कॅम बोल्ट असतात, गाडीभर मिळून आठ. बोल्टच्या डोक्याशी एक चकती असते आणि तिचं केंद्र मुद्दाम बाजूला सरकवलेलं असतं. बोल्ट फिरवला की आर्म आत-बाहेर सरकतो आणि चाकाची अलाइनमेंट, म्हणजे चाक उभं राहण्याचा कोन, बदलते. ही चकती सबफ्रेमवरच्या, म्हणजे ज्या चौकटीला सस्पेन्शन जोडलेलं असतं तिच्यावरच्या, दोन छोट्या कानांच्या मध्ये बसते.

जाम होतो तो बोल्टचा मधला गुळगुळीत भाग, बुशाच्या आतल्या नळीत. दोन्ही लोखंड, मध्ये केसाएवढी फट, त्यात खारट पाणी. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, त्यामुळे फट भरते आणि दोन्ही जणू एकच तुकडा होतात. आटे बिचारे ठीकच असतात, म्हणून नट सुटतो आणि माणूस फसतो.

ओळखायची खूण सोपी आहे. नट सैल करून बोल्ट डोक्याकडून फिरवा. थोडा फिरला आणि पाना सोडल्यावर स्प्रिंगसारखा मागे आला, तर बोल्ट नळीत धरलाय आणि तुम्ही फक्त रबर पिळताय. इथे इम्पॅक्ट गन लावून काहीही होत नाही, रबर सगळा मार खाऊन टाकतं. आवाज मात्र छान येतो.

आमच्यातल्या एकाने इथे चार फुटी पाइप लावला. मी तिथेच उभा होतो. "अरे, जरा थांब," म्हणेपर्यंत त्याने सगळं अंग पाइपवर टाकलं. टक् असा आवाज आला आणि त्याचा चेहरा फुलला: "सुटला काका!" बोल्ट नव्हता सुटला. चकती सबफ्रेमच्या कानावर चढली होती आणि तो कान आडवा झाला होता. कान गेला की चकतीला टेकायला काही उरत नाही. नवा बोल्ट टाकला तरी अलाइनमेंट जागेवर राहत नाही. पुढे वेल्डिंगवाल्याकडे खेटे घालून त्याने तो कान परत उभा करून घेतला. बोल्ट आणि बुश मिळून जेवढे पैसे गेले असते, त्याहून जास्त त्या नखाएवढ्या पत्र्याला गेले.

मी स्वतः आठवडाभर आधी सुरुवात करतो. तारेच्या ब्रशने आटे आणि फटी साफ, मग रोज संध्याकाळी गंज सोडवणारं तेल. डब्ल्यूडी-४० नव्हे. त्या नावातच १९५३ मधला पाणी हटवण्याचा चाळिसावा प्रयोग दडलाय, जाम बोल्टसाठी यापेक्षा चांगली तेलं मिळतात. आणि मधल्या दिवसांत गाडी चालवत राहायची, धक्क्यांनी तेल आत शिरतं. कोल्हापुरात उद्यमनगरला माझ्या मामाचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. तिथे कमानपाट्यांचे बोल्ट रॉकेलच्या चिंध्या गुंडाळून रात्रभर ठेवायचे. कुणी ड्रायव्हर घाई करायला लागला की मामा वर न बघता म्हणायचा, "घाई असंल तर एस्टीनं जावा."

पण धीर वेगळा आणि हट्ट वेगळा. आठवडाभर तेल पाजून, दिवस उजाडल्यावर एका बोल्टला मी एक तास देतो. थोडं पुढे, थोडं मागे, परत तेल. नटाचा पृष्ठभाग आट्यांच्या टोकाशी जुळवून वरून हातोड्याचे दोन-चार नीट ठोके. उघड्या आट्यांवर ठोकलं तर टोक भुईछत्रीसारखं पसरतं आणि मग नटही जात नाही, बोल्टही. तासाभरात हलला नाही तर करवत. रेसिप्रोकेटिंग सॉ, कार्बाइडच्या दातांचं पातं, आणि बुश व ब्रॅकेटच्या पाळीमधल्या फटीतून दोन्ही बाजूंनी काप. पातं पाळीला नव्हे, बुशाकडे झुकवायचं. बुश तसाही कचऱ्यात जाणार. आर्म खाली येतो आणि आपण चहा प्यायला मोकळे. अर्थात नवे कॅम बोल्ट, चकत्या आणि बुश आधीच घरात आणून ठेवलेले असले तरच. ते मागवायच्या आधी गाडी उचलणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आच देऊ का, असं विचारणारे बरेच असतात. रबराचा काळा धूर डोळ्यांत जातो, शेजारी ब्रेकचा होज असतो, आणि या गाडीची पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, म्हणजे मागच्या सस्पेन्शनच्या जवळच आहे. मी नाही देत. पॉलियुरेथेन, म्हणजे काही बुशांत रबराऐवजी असतं ते कडक प्लास्टिक, जाळलं तर धूर विषारी असतो, तो तर मुळीच नको.

हवेत लटकलेल्या गाडीचे बोल्ट आवळणं

ही चूक माझी स्वतःची आहे, त्यामुळे जरा जास्त लागते. दोन वीकेंड खपून मी सगळे रबरी बुश बदलले. रविवारी संध्याकाळी अंधार पडत होता. गाडी स्टँडवर, आर्म खाली लोंबकळत होते, आणि मी एकेक बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेला जोर लागला की क्लिक करणाऱ्या पान्याने, मॅन्युअलप्रमाणे आवळत गेलो. क्लिक, क्लिक, अगदी समाधानाने. गाडी खाली उतरवली तर एक बोटभर उंच दिसली. म्हटलं नवे बुश आहेत, बसेल. बायकोनेही विचारलं, "ही अशी अंग चोरून का उभी आहे?" मी हसण्यावारी नेलं.

झालं असं की आतली नळी आर्म लोंबकळत असतानाच पाळ्यांत पकडली गेली. रबराला तीच विश्रांतीची जागा वाटू लागली. गाडी चाकांवर आल्यावर रबर कायमचं पिळलेलं, उभी असतानाही. त्यावर खड्डे, स्पीडब्रेकर. पुढच्या वार्षिक एमओटी तपासणीत परीक्षकाने टॉर्च मारून दाखवलं: बुशाच्या कडेला नखाने ओरखडावं तशी गोल भेग. एक नाही, पाच बुशांना. वर्षसुद्धा झालं नव्हतं.

आता मी बोल्ट हाताने बसतील तेवढेच लावतो. चारही चाकांखाली फळ्यांची सारखी चवड रचतो, म्हणजे खाली हात जाईल पण वजन चाकांवर राहील. गाडी दोन-तीनदा दाबतो, फूटभर पुढे-मागे ढकलतो, आणि मगच आवळतो. जागा नसेल तर हबखाली, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाखाली, जॅक लावून गाडी स्टँडवरून जेमतेम उचलेपर्यंत चाक वर घ्या, तेही चालतं. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रंगाची रेघ. अंधारात कुठला झाला, कुठला राहिला हे आठवत नाही, आणि "बहुतेक झाला" हा शब्द ब्रेक आणि सस्पेन्शनला लावायचा नसतो.

आता पटापट. कॅम सोडायच्या आधी चकतीची जागा रंगाने खुणवा आणि फोटो काढा, नाहीतर अलाइनमेंटवाल्यापर्यंत पोहोचेस्तोवर टायरची आतली कड खाल्ली जाते. टॉर्क रेंच सोडायला वापरू नका, ते आवळायचं हत्यार आहे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका, याचं स्पष्टीकरण मी देत नाही. बुश व्हाइसमध्ये दाबताना आर्मच्या दोन कानांमध्ये योग्य मापाचा पाइपचा तुकडा ठेवा, नाहीतर कान आत वाकतात. नवा रबरी बुश साबणाच्या पाण्याने बसवा, ग्रीसने नव्हे, साध्या ग्रीसने रबर फुगतं. आणि जुन्या बुशाला पोकळ खाचा असतील तर त्यांची दिशा काढायच्या आधी बघून ठेवा.

पॉलीचं एक सांगतो. नवशिक्यांना रंगीत पॉली (पॉलियुरेथेनचे) बुश फार आवडतात. त्यात नळी पॉलीला चिकटलेली नसते, ती आत खरोखर फिरते. म्हणून हवेत आवळले तरी ते फाटत नाहीत, हे खरं. पण सिलिकॉन ग्रीस कमी पडलं की जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजासारखे कुरकुरतात, आणि बोल्ट त्यांच्याही नळीत तसाच जाम होतो. खडबडीत रस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाडीला मी रबरच लावतो. हे माझं मत, वाद घालायला या, चहा देईन.

बोल्ट बसवताना त्याच्या मधल्या भागाला आणि नळीच्या आत कॉपर ग्रीसचा सढळ थर द्यायचा. आट्यांना नाही, तिथे ग्रीस लागलं की टॉर्कचा आकडा खोटा पडतो. मी तसं केलं होतं, आणि गेल्या ऑक्टोबरात अलाइनमेंटसाठी आठही बोल्ट सोडले तेव्हा सात साध्या रिंग पान्याने फिरले.

आठवा पुढचा डावा. तो लावताना ग्रीसचा डबा खरवडून संपला होता, दुकान बंद झालं होतं, आणि मी म्हणालो होतो, एकाने काय होतंय. त्याला परवा करवत लावली.