बुर्ज खलिफावरून सूर्यास्त बघायचाय? मग तिकिटाची वेळ अशी ठरवा

व्हिसा, अहमदाबादहून विमान, हॉटेल हे सगळं बडोद्यात कोणीही सांगेल. मी बोलणार आहे ते फक्त त्या इमारतीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या तीन-चार तासांबद्दल. भाऊ दुबईला नोकरीला असल्यामुळे आई-बाबा, आत्या, काका-काकू, सासरची मंडळी अशा सहा तुकड्या घेऊन मी वर जाऊन आले आहे. पहिल्या दोन वेळी सूर्यास्त हुकला, आणि दोन्ही वेळी कारण एकच होतं. तेच तुमच्या बाबतीत होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

तारीख

नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ नका. मे-जूनमध्ये हवेत धूळ आणि दमट धुरकट थर असतो. इतक्या उंचीवर जाऊन खाली पांढरट पडदा बघायचा असेल, तर पैसे वाचवा.

तिकिटाची वेळ

खरी गोम इथे आहे.

पहिल्यांदा आई-बाबांना घेऊन गेले ते डिसेंबरात. तिकिटं इथल्याच एका एजंटकडून काढली होती. "संध्याकाळचा स्लॉट आहे, सहाचा, सनसेट मिळेल," असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. आम्हालाही ते पटलं, कारण बडोद्यात डिसेंबरात सहाच्या सुमारासच सूर्य मावळतो. दुबईत पोचलो, बुर्जवर जायचा रस्ता ज्यातून आहे त्या मॉलमधून बाहेर डोकावलो, तर साडेपाचलाच सूर्य गेलेला. सहाला रांगेत उभे राहिलो तेव्हा पूर्ण काळोख. आई काही बोलली नाही. वर काचेपाशी उभी राहून तिने एवढंच विचारलं, "समुद्र कुठल्या बाजूला आहे गं?" समुद्र तिच्या समोरच होता, पण काळ्यावर काळं काय दिसणार?

ही चूक का होते ते समजून घ्या. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि बडोदं त्याच्या नऊ अंश पश्चिमेला. त्यामुळे आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या मानाने पस्तीस-चाळीस मिनिटं उशिरा मावळतो, आणि आपल्या अंगात तीच सवय मुरलेली असते. दुबईचं घड्याळ ६० अंशावर आहे आणि शहर त्याच्या पाचेक अंशच पश्चिमेला. म्हणून तिथे सूर्य घड्याळाप्रमाणे लवकर जातो. दिवाळीच्या सुट्टीत साधारण साडेपाच ते पावणेसहा, डिसेंबरात साडेपाच, संक्रांतीच्या सुमाराला पावणेसहाच्या पुढे, मार्चच्या मध्यावर साडेसहाच्या जरा आधी. "संध्याकाळ" हा शब्द ऐकून तिकीट काढू नका. त्या तारखेचा दुबईचा सूर्यास्त मोबाइलवर बघा आणि कागदावर लिहा.

दुसऱ्या वेळी मी हे केलं होतं. जानेवारी, सूर्यास्त पावणेसहाच्या पुढे, आणि मी ऐटीत पाचचा स्लॉट घेतला. तरी हुकला. कारण तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती खालच्या रांगेत उभं राहायची असते, वर पोचायची नव्हे. सामानाची तपासणी, मग फोटोवाल्यांचा थांबा, मग लांबलचक चित्रांचा रस्ता, मग लिफ्टची रांग. त्या दिवशी या सगळ्यात पन्नास मिनिटं गेली. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा पश्चिमेला बोटभर केशरी पट्टा उरला होता आणि काचेपाशी माणसांच्या तीन रांगा. आत्याची उंची पाच फुटांहून कमी. तिला फक्त पुढच्यांच्या पाठी दिसल्या.

त्यानंतर मी एक हिशोब धरला आणि पुढच्या चारही वेळी तो चुकला नाही: सूर्यास्ताच्या दीड तास आधीचा स्लॉट. साडेपाचला सूर्यास्त असेल तर चारचा. गर्दीत वर पोचायला पाऊण-एक तास धरा. उरलेला अर्धा तास पश्चिमेच्या काचेपाशी जागा मिळवायला लागतो, आणि ती जागा सोडायची नाही. बाकीच्या बाजू अंधार पडल्यावरही बघता येतात. लोक "सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीचं घ्या, पुरेसं होतं" असं सांगतात. ते एकतर कोविडनंतरच्या रिकाम्या दिवसांत गेलेले असतात किंवा त्यांनी सूर्यास्त पाहिलेलाच नसतो.

सूर्यास्ताच्या आसपासचे स्लॉट महाग असतात. दीड तास आधीचाही बहुधा त्याच महाग पट्ट्यात पडतो. द्या पैसे. स्वस्तातलं सकाळचं तिकीट काढायचं असेल तर तसं ठरवून काढा. लहान मुलं बरोबर असतील तर सकाळच बरी. फक्त थंडीत सकाळी कधीकधी धुकं असतं. तिकीट त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. एजंटला तारीख कळते, सूर्य कळत नाही.

१२४ की १४८

साधं तिकीट १२४ आणि १२५व्या मजल्याचं, महागडं १४८व्याचं. १२४वा मजला ४५२ मीटरवर आहे, १४८वा ५५५ मीटरवर. या शंभर मीटरने दृश्यात फारसा फरक पडत नाही, उलट खालच्या गाड्या ओळखू येईनाशा होतात. गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर मात्र १४८ घ्या. तिथे गर्दी कमी आणि बसायला जागा असते. एरवी १२४ पुरे.

पोचणं

मेट्रोच्या स्टेशनापासून मॉलपर्यंतचा काचेचा पूल ८०० मीटरच्या आसपास आहे आणि पुढे मॉलमध्येही चालायचं असतं. ज्येष्ठांना टॅक्सीने न्या. प्रवेश मॉलच्या तळमजल्याच्याही खालच्या मजल्यावरून. पिशवीतला लीलो चेवडो हॉटेलात ठेवून या, वर बाहेरचं खाणं नेता येत नाही.

रांगेत उभं असताना

फोटोवाले हिरव्या पडद्यासमोर उभं करतात. नको म्हणा आणि पुढे चला.

रांगेतला हा पाऊण तास मी घरच्यांना इमारतीची गोष्ट सांगण्यात घालवते. ती माहीत नसली की वर गेल्यावर लोक दोन सेल्फी काढून "आता काय?" म्हणतात. माहीत असली की काका तासभर काचेपाशीच थांबतात.

सुरुवात मी पावागडापासून करते. पावागड समुद्रसपाटीपासून ८०० मीटरच्या आसपास आहे, आणि ही इमारत ८२८ मीटर. चांपानेरच्या वाटेवर तो डोंगर दिसायला लागतो ते आठवा. तेवढं माणसांनी रचलं. खोदाई जानेवारी २००४ मध्ये सुरू झाली आणि ४ जानेवारी २०१० ला उद्घाटन. नाव तोपर्यंत बुर्ज दुबई होतं. त्या दिवशी ते बुर्ज खलिफा झालं, संयुक्त अरब अमिरातीचे तेव्हाचे अध्यक्ष आणि अबुधाबीचे शासक खलिफा बिन झायेद यांच्यावरून. महिन्याभरापूर्वीच अबुधाबीने कर्जात अडकलेल्या दुबईला १० अब्ज डॉलर दिले होते.

आराखडा शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेतल्या एड्रियन स्मिथ यांचा, आणि ती उभी कशी राहील हे बिल बेकर यांनी सोडवलं. याच संस्थेत त्यांच्या आधी फझलुर रहमान खान होते. जन्म १९२९, ढाका, शिक्षण कोलकात्याजवळच्या शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. उंच इमारतीचा भार आतल्या खांबांच्या जाळ्यावर टाकण्याऐवजी तिचा बाहेरचा सांगाडाच पोकळ नळीसारखा ताठ करायचा, हा विचार त्यांनी रुजवला. शिकागोचा ४४२ मीटरचा सिअर्स टॉवर त्यातूनच उभा राहिला. दुबईत बेकर यांनी वेगळी वाट काढली. मधोमध षटकोनी गाभा आणि त्याला तीन बाजूंनी टेकू देणारी तीन पाखं. वरून बघितलं तर तीन पाकळ्या. काकूला हे एका वाक्यात कळलं: "तीन दगडांची चूल कधी डुगडुगत नाही."

वाऱ्याची गोष्ट मात्र बडोदेकरांना मुद्दाम सांगावी लागत नाही. उत्तरायणाला उंच इमारतीच्या आडोशाला पतंग गेला की तो गोते खायला लागतो. वारा इमारतीला वळसा घालून मागे एकदा डाव्या, एकदा उजव्या बाजूला भोवरे सोडतो. हे भोवरे ठरावीक ठेक्यात सुटले आणि तो ठेका इमारतीच्या डोलण्याशी जुळला, तर झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसं होतं, झोका चढत जातो. म्हणून बुर्जचा आकार वर जाताना टप्प्याटप्प्याने बदलत नेला आहे. एकेक पाख आळीपाळीने मागे सरतं, गोल जिना चढावा तसं. प्रत्येक उंचीवर वाऱ्याला वेगळा आकार भेटतो आणि भोवऱ्यांचा एक ठेका बसत नाही.

पाया तर बाबांच्या खास आवडीचा. लक्ष्मीविलास पॅलेसचा आराखडा करणारे मेजर मँट यांना आपलं गणित चुकलं आणि वाडा कोसळणार असं वाटू लागलं होतं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. मँट १८८१ मध्ये गेले, चिझम यांनी काम पुरं केलं, आणि १८९० पासून वाडा ठणठणीत उभा आहे. बुर्जखाली कठीण खडक नाही, ठिसूळ खडक आणि खारं पाणी आहे. त्यात दीड मीटर व्यासाचे १९२ काँक्रीटचे खांब ५० मीटरहून खोल रोवले आणि त्यांच्यावर ३.७ मीटर जाडीची काँक्रीटची बैठक घातली. उन्हाळ्यात काँक्रीट रात्री ओतायचे आणि त्यात बर्फ घालायचे, नाहीतर ते गरमीने लवकर आवळून तडकलं असतं. पंपाने ते ६०६ मीटर उंचीपर्यंत चढवलं.

आणि हे ओतणारी माणसं? काम जोरात असताना एका वेळी १२,००० जण राबत होते, त्यांतले बहुतेक आपल्याच भागातले: भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ. मार्च २००६ मध्ये कमी मजुरी आणि वाईट वागणूक यांच्या संतापात इथे कामगारांनी तोडफोड केली होती. हे मी दर वेळी सांगते. मुलांना तर नक्कीच.

लिफ्ट

सेकंदाला १० मीटर वेग, साधारण मिनिटभरात वर. कान बंद होतात, आवंढा गिळा.

वर

लिफ्टमधून बाहेर पडल्याबरोबर पश्चिमेकडे चालायला लागा. पूर्वेकडची इमारतींची गर्दी बघत रेंगाळू नका. डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येकडे झुकतो, म्हणजे पामच्या झाडाच्या आकाराच्या बेटाच्या बाजूला. मार्चमध्ये सरळ पश्चिमेला. समुद्र आणि सूर्य एका काचेत दिसतील अशी जागा धरा.

आता एक गंमत, खास या उंचीवरची. खाली राहिलेल्या माणसाला मोबाइलवर सांगून ठेवा: "सूर्य बुडाला की फोन कर." त्याचा फोन येईल तेव्हा तुम्हाला अजून जवळपास अख्खा सूर्य दिसत असेल. ४५२ मीटरवरून क्षितिज ७५ किलोमीटरच्या आसपास दूर जातं आणि सूर्य जवळपास तीन मिनिटं उशिरा मावळतो. भावाने खालून फोन केला तेव्हा आत्या, या खेपेला अगदी पुढे, काचेला नाक लावून उभी होती. "अरे, माझा अजून आहे," ती त्याला म्हणाली, आणि पुढची अडीच मिनिटं कोणाशी बोलली नाही. रमझानमध्ये ८०व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटं आणि १५०व्याच्या वरच्यांनी तीन मिनिटं उशिरा रोजा सोडावा, असं दुबईच्या धर्माधिकाऱ्यांनी २०११ मध्ये सांगितलं ते यामुळेच.

सूर्य गेला की निम्मे लोक लिफ्टकडे धावतात. तुम्ही थांबा. पुढची वीस-पंचवीस मिनिटं सगळ्यात सुंदर. आभाळ गर्द निळं असतं आणि खाली शेख झायेद रस्त्यावर दिव्यांच्या दोन धारा सुरू होतात, एक पांढरी, एक लाल. याच वेळी फोटो काढा. काचेत आतले दिवे उमटतात म्हणून लेन्स काचेला टेकवा आणि मोबाइलभोवती काळी ओढणी धरा. मी ती मुद्दाम नेते. १२४व्या मजल्यावरच्या उघड्या गच्चीवर वारा लागतो, म्हाताऱ्या माणसांना शाल द्या.

आपण टोकावर आहोत असं समजू नका. डोक्यावर अजून जवळपास ३७५ मीटर इमारत असते, आणि तिचा सगळ्यात वरचा २४४ मीटरचा भाग तर कोणी राहण्या-वापरण्याजोगा नाहीच.

उतरताना

खाली यायलाही रांग असते, संध्याकाळी अर्धा तास धरा. त्यामुळे वर चढण्याआधी मॉलमध्ये बाथरूमला जाऊन घ्या. रस्ता दुकानातून बाहेर पडतो, तिथे काही घेऊ नका. कारंज्याच्या तळ्याकाठी जाऊन मान वर करा आणि मघाशी उभे होतो तो मजला शोधा. इमारतीच्या निम्म्याहून जरासा वर. बाबांना तो पहिल्यांदा सापडला, तेव्हा त्यांनी बोटाने मोजून दाखवला होता.

मग टॅक्सी करून करामा भागात जा. आपलं जेवण तिथे मिळतं आणि मॉलपेक्षा खूप स्वस्त.